मायन्याचा वर्ग

सोमवार, ४ मार्च

वर्ग सुरू झाला. वाचनालयाच्या मागच्या खोलीत आजवर फाटकी पुस्तकं आणि मोडके पंखे पडलेले असायचे. आता तिथे फळा आहे, टेबलं आहेत, वाचनालयाने टाकून दिलेले तीन संगणक आहेत आणि मी आहे. ग्रंथपालांनी खोली महिनाअखेरपर्यंत दिली आहे. शेवटच्या सोमवारी समितीची मंडळी वर्ग बघायला येणार. पसंत पडला तर पुढे चालू, नाहीतर पंखे परत.

मी निघताना हे म्हणाले, "पत्र लिहायला शिकवणार? अगं, हल्ली लोक नुसता अंगठा पाठवतात."

"म्हणूनच," मी म्हटलं.

यांना काय कळणार. आयुष्यभर औषधांच्या दुकानात बसून डॉक्टरांचं अक्षर वाचलं यांनी, तिथे मायना नसतोच. मी टायपिंग क्लास चालवला. गावातल्या निम्म्या कचेऱ्यांतले हात माझ्या हाताखालून गेले आहेत. मशिनं भंगारात गेली तेव्हा लोक हळहळले, म्हणाले, आता बाईंचं कसं होणार. बाईंचं उत्तम चाललं आहे. मशिनं गेली, कान जागेवर आहे. कुणी "आदरणीय साहेब" म्हणून पुढे स्वल्पविराम न देता सुसाट निघाला की मला जेवणात खडा लागल्यासारखं होतं.

पहिले दोन आठवडे फक्त मायना घ्यायचा, असं ठरवलं आहे. पत्र असो की ईमेल, माणूस दारातून आत कसा येतो ते मायन्यावरून कळतं. हे म्हणाले, "आणि मजकूर?" मजकूर ज्याचा त्याचा. मायना माझा.

विद्यार्थी सगळे निवृत्त. एक मेट्रनबाई आहेत, मोठ्या इस्पितळातून निवृत्त झालेल्या. त्या "नमस्कार" लिहून पुढे तीन उद्गारचिन्हं देतात. मी सांगितलं, उद्गारचिन्ह म्हणजे दुसऱ्याच्या दारात उभं राहून ओरडणं. तर म्हणाल्या, वॉर्डात ओरडल्याशिवाय कुणी ऐकत नाही. एक शिंपी आहेत, ते कमी बोलतात आणि सगळं नीट करतात. बँकेतले दोघे मित्र आहेत, ते कमी करतात आणि सगळं बोलतात. आणि एक क्रेनवाले. बंदरावर मोठी क्रेन चालवायचे. उंच, थोडे वाकलेले, हाताची बोटं अजून दांडा धरल्यासारखी वळलेली, आणि त्यांना जरा कंप आहे.

मी प्रत्येकाला विचारलं, कुणाला लिहायचं आहे. क्रेनवाले म्हणाले, "मुलीला."

"मुलीला तुम्ही काय म्हणता?"

"काही नाही म्हणत."

वर्ग हसला. मीही हसले. मिस्कील दिसतात गृहस्थ.

बुधवार, ६ मार्च

माझी पद्धत चालू केली. डिक्टेशन घेताना आम्ही खुणा तोंडाने म्हणायचो, तशीच. एकाने उभं राहून मायना म्हणायचा आणि बाकीच्यांनी एका सुरात पुढची खूण म्हणायची.

"माननीय महोदय," असं शिंपी म्हणाले.

"स्वल्पविराम!" सगळे.

"नमस्कार," मेट्रनबाई म्हणाल्या, आणि सवयीने हात उगारला.

"पूर्णविराम!" सगळे, मेट्रनबाई सोडून.

हाताला कळायच्या आधी कानाला कळलं पाहिजे. बँकेतल्या एकाने शंका काढली की स्वल्पविरामाऐवजी नुसती मोकळी ओळ सोडली तर चालेल का. मी म्हटलं, तुम्ही दार उघडलंत, पाहुणा उंबऱ्यात उभा आहे, आणि तुम्ही काही न बोलता आत निघून गेलात तर चालेल का? त्यांनी वहीत लिहून घेतलं. शहाण्याला शब्दाचा मार.

तासाच्या शेवटी सगळ्यांच्या वह्या पाहिल्या. क्रेनवाल्यांच्या पानावर एक स्वल्पविराम होता. नुसता स्वल्पविराम. त्याच्या आधी जागा सोडलेली, चांगली लांब. पण तो स्वल्पविराम काय सुरेख! डोकं गोल, शेपटी हवी तेवढी, ओळीच्या जरा खाली उतरलेली, आणि तोही थरथरत्या हाताने काढलेला. मी पान वर धरून सगळ्या वर्गाला दाखवलं. ते खाली मान घालून बसले होते. लाजाळू आहेत.

शुक्रवार, ८ मार्च

चहाच्या सुट्टीत क्रेनवाले फळ्यापाशी आले. म्हणाले, "बाई, मला जरा घाई आहे."

"कुठे जायचंय?"

"मला नाही. तिला."

मग हळूहळू सांगितलं. बायको गेली तेव्हा बापलेकीचं वाजलं. मुलगी म्हणाली, तुम्ही आईशी जन्मात कधी धड बोलला नाहीत, तिला नावाने हाकसुद्धा मारली नाहीत. क्रेनवाल्यांनी त्यावरही काही उत्तर दिलं नाही. ती उठली आणि गेली ती गेलीच. राहते याच शहरात, पण बोलणं बंद. आता तिला परदेशात नोकरी लागली आहे आणि ती महिनाअखेरीस जाणार आहे. हेही त्यांना पुतण्याकडून कळलं.

"फोन का नाही करत?"

"फोनवर तीही गप्प आणि मीही गप्प, तर मग काय करायचं?"

हे मात्र खरं आहे.

मी त्यांना क्रेनबद्दल विचारलं. म्हणाले, वर केबिनमध्ये माणूस एकटा असतो. खालच्या गोंगाटात आवाज पोचत नाही, म्हणून खालून हाताच्या खुणा करतात. खूण दिसली की दांडा हलवायचा. उत्तर द्यायचं नसतं. पूर्ण नोकरीत एकदाही उत्तर दिलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मला वाटतं थोड्या अभिमानाने सांगितलं.

मी त्यांना धीर दिला. म्हटलं, तुमचा स्वल्पविराम तयार आहे, म्हणजे निम्मं काम झालं. बाकी मी बघते.

घरी येऊन यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "उंटावरून शेळ्या हाकणारे पाहिले होते. हा उंटावर बसून शेळ्यांचं ऐकणारा दिसतोय."

सोमवार, ११ मार्च

क्रेनवाल्यांसाठी मुद्दाम घरून मायना तयार करून नेला होता. वडिलांनी मुलीला लिहायचा, शुद्ध, घरंदाज. चिरंजीव अमुक हिस, स्वल्पविराम, अनेक उत्तम आशीर्वाद, पूर्णविराम. त्यांनी दोनदा वाचला. वही माझ्याकडे सरकवली.

"बाई, हा मी नाही. हा कुणीतरी फोटोतला माणूस बोलतोय."

"मग तुमचा तुम्ही लिहा."

त्यांनी लिहिलं, "ए,". स्वल्पविराम पुन्हा उत्तम. मी मायना खोडला. ए हा मायना नव्हे, ती हाक आहे, आणि तीही पलीकडच्या गच्चीवर जाणारी. पुन्हा बसले. खिडकीतून बाहेर बघत बराच वेळ काढला. बाकीचे कचेरीच्या मायन्यांपर्यंत पोचले, बँकवाल्यांनी तर "मा. व्यवस्थापक महोदय" यातलं टिंब आणि स्वल्पविराम दोन्ही बरोबर दिले, तरी क्रेनवाले तिथेच. शेवटी वही आणली. लिहिलं होतं, "मुकादम,".

"मुकादम कोण?"

"मुलगी."

सांगितलं ते असं. ती लहान असताना रोज सकाळी दारात उभी राहायची. टोपी? दाखवायची. चष्मा? दाखवायचा. डबा? दाखवायचा. मग ती हात वर करायची आणि म्हणायची, जा. बंदरावर क्रेनवाला फक्त मुकादमाच्या हाताकडे बघतो. "घरात मी हिच्या हाताकडे बघायचो," ते म्हणाले. "तिला ते नाव मी मनातल्या मनात दिलं होतं. तिला कधी सांगितलं नाही."

मी समजावून सांगितलं. नोकरीतला हुद्दा घरच्या पत्रात चालत नाही. उद्या मी यांना "प्रिय औषधविक्रेते" लिहिलं तर कसं दिसेल? तांबड्या पेनने खोडलं, पण हलकी रेघ मारली, त्यांना वाईट वाटू नये म्हणून. ते बराच वेळ त्या रेघेकडे बघत होते.

चहा पिताना यांना सांगितलं तर हे हसले नाहीत. म्हणाले, "तुझं मला आलेलं पहिलं पत्र आठवतं? 'महोदय,' असं होतं."

"मग? ओळख नव्हती."

"अगं, लग्न ठरलं होतं आपलं!"

"ठरलं होतं. झालं नव्हतं."

हे कप उचलून विसळायला गेले. पटलं असणार.

बुधवार, १३ मार्च

क्रेनवाले आले नाहीत. बँकवाल्यांपैकी एकाने विचारलं, "बाई, तुम्ही त्यांचा मायना नापास केलात ना?" नापास नाही, परत दिला. फरक आहे.

तरी दिवसभर चैन नव्हतं. मी फार ताणते का? मेट्रनबाई म्हणाल्या, पेशंट उपाशी असेल तर ताट कुठल्या धातूचं ते बघू नये. त्या अशी वाक्यं टाकतात आणि मग पुढे तीन उद्गारचिन्हं देतात, त्यामुळे त्यांचं किती मनावर घ्यायचं कळत नाही.

मायना चुकला की वाचणारा पुढे जातच नाही, हे मी पस्तीस वर्षं शिकवत आले. मुलगी आधीच रागावलेली. तिने पहिल्याच शब्दाला पत्र मिटलं तर? तेव्हा लोक क्रेनवाल्यांना नाही विचारणार, विचारतील, वर्ग कुणाचा?

शुक्रवार, १५ मार्च

आले. खोलीत येऊन जागेवर बसले आणि कोरसमध्ये सामील झाले. आवाज भरदार आहे. इतके दिवस ऐकलाच नव्हता. शिंप्यांच्या "सप्रेम नमस्कार"नंतर त्यांनी "स्वल्पविराम" असा म्हटला की बाहेर वाचनालयात कुणीतरी पेपर खाली पाडला. ग्रंथपाल डोकावून म्हणाले, "बाई, लोक वाचायला येतात हो इथे." मी म्हटलं, ऐकून वाचलं तर जास्त लक्षात राहतं.

समितीपुढे क्रेनवाल्यांनाच उभं करायचं असं मनात पक्कं केलं आणि त्यांना विचारलं, तर हो म्हणाले. एवढा आवाज आणि एवढी शिस्त दुसऱ्या कुणात नाही. "माननीय अध्यक्ष महोदय" हा मायना ते म्हणणार, बाकीचे खूण म्हणणार. पंखेवाले बघतच राहतील.

सोमवार, १८ मार्च

काय लिहू. हात टेकले.

क्रेनवाले तासाआधीच येऊन बसले होते. चेहरा असा की परीक्षा सुटलेली. म्हणाले, "पाठवलं."

"काय पाठवलं?"

"ईमेल. काल. पुतण्याचा फोन घेतला. हाताने जमत नाही, तर त्यात बोललं की आपोआप लिहून येतं म्हणाला. मी बोललो. तुम्ही शिकवल्यासारखं. एकही खूण सोडली नाही."

मी फोन हातात घेतला. वाचलं ते जसंच्या तसं उतरवून ठेवते, म्हणजे कुणी पुढे म्हणायला नको की बाईंनी वाढवून सांगितलं.

"मुकादम स्वल्पविराम मी बोलतोय पूर्णविराम तू म्हणालीस ते खरं आहे पूर्णविराम वर बसून हात बघायची सवय लागली स्वल्पविराम तोंड बघायचं राहिलं पूर्णविराम तुझी आई रोज माझ्याशी बोलायची स्वल्पविराम मी मान हलवायचो पूर्णविराम आता ती नाही तर मान कुणापुढे हलवू प्रश्नचिन्ह जायच्या आधी भेट स्वल्पविराम नाही जमलं तरी चालेल पूर्णविराम बाबा"

मी खुर्चीवर बसले. सगळ्या खुणा बरोबर. अगदी जिथल्या तिथे! पण सगळ्या अक्षरात! त्या फोनने जे ऐकलं ते लिहिलं. आणि मायना तोच, मी खोडलेला.

ते वाट बघत होते. मी म्हटलं, "खुणा बरोबर आहेत." खोटं नव्हतंच ते. त्यांनी इतका मोठा श्वास सोडला की मला पुढचं काही सांगवलं नाही. शिंप्यांनी माझ्या खांद्यावरून वाचलं आणि ते चष्मा काढून पुसत राहिले. त्यांनाही धक्का बसला असणार.

घरी आल्यावर मी, फोनवर पाहिलेल्या पत्त्यावर, क्रेनवाल्यांच्या मुलीला एक ईमेल लिहायला घेतली. आपल्या वडिलांच्या पत्रातील विरामचिन्हांबाबत खुलासा, या विषयाची. मायना लिहून झाला होता. यांनी मागून पाहिलं.

"कुणाला?"

सांगितलं. पत्रही सांगितलं, मला पाठच झालं आहे ते. हे खुर्ची ओढून बसले. "मान कुणापुढे हलवू" हे त्यांनी मला पुन्हा म्हणायला लावलं. मग म्हणाले, "राहू दे."

"अहो, माझ्या वर्गाची अब्रू आहे!"

"ते पत्र तुझ्या वर्गाचं नाही. पुसून टाक."

हे माझ्याशी या आवाजात सहसा बोलत नाहीत. पुसलं. पण मला पटलेलं नाही, याची नोंद असावी.

बुधवार, २० मार्च

उत्तर नाही.

शुक्रवार, २२ मार्च

उत्तर नाही. त्यांनी पुतण्याचा फोनच मागून आणला आहे. टेबलावर समोर ठेवतात आणि बघत बसतात. आज कोरसमध्ये आवाज नव्हता.

"आठवड्याने जाणार ती," म्हणाले. "बहुतेक वाचलं नाही. किंवा वाचलं."

मनात आलं, मायना बदलला असता तर. पण ओठांवर आणलं नाही. मग दुसरंच मनात आलं, की मी पहिल्याच वेळी "मुकादम" पास केलं असतं तर पत्र एक आठवडा आधी गेलं असतं, आणि त्यांना संगणकापुढे बसवून त्या कंप असलेल्या हातांकडून मी लिहून घेतलं असतं, खुणा खुणांसारख्या. हे आत्ता लिहिताना बरं वाटत नाही. पण दैनंदिनीत खोटं लिहायचं तर मग ती ठेवायची कशाला.

मी त्यांना म्हटलं, समितीपुढचं दुसऱ्या कुणाला देऊ का. म्हणाले, "नको. कबूल केलंय, येतो."

सोमवार, २५ मार्च

सगळं क्रमाने लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

समितीची मंडळी आली. अध्यक्ष, आणखी चौघं, ग्रंथपाल. भिंतीपाशी खुर्च्या मांडल्या होत्या. मी निळी साडी नेसले होते, इस्त्रीची. फळ्यावर वर्गाचं नाव, खाली रेघ. प्रास्ताविक केलं, लांबवलं नाही. मग म्हटलं, आता आमचे एक विद्यार्थी मायना म्हणतील.

क्रेनवाले फळ्यापुढे येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, केस विंचरलेले. "माननीय अध्यक्ष महोदय" असं म्हणायचं होतं. तोंड उघडलं, आणि थांबले.

मला वाटलं, विसरले. मी ओठ हलवून दाखवले, मा, न, नी. ते माझ्याकडे बघतच नव्हते. समितीच्या मागे, दाराकडे बघत होते. दारात एक बाई उभी होती, चाळिशीच्या आतबाहेरची, घामाघूम, हातात कागदांची पिशवी. कुणाच्या तरी घरून धावत आल्यासारखी. ती क्रेनवाल्यांच्या चेहऱ्याकडे अशी बघत होती, जशा मेट्रनबाई नवीन आलेल्या पेशंटकडे बघत असतील. तोंड वाकडं झालंय का, एक हात लुळा पडलाय का.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. आणि क्रेनवाले म्हणाले, मोठ्याने, त्या भरदार आवाजात,

"मुकादम."

आणि माझा वर्ग! तीन आठवडे घासलेला माझा वर्ग! एक क्षणही न दवडता, सगळे, एका सुरात, "स्वल्पविराम!"

दारातल्या बाईने तोंडावर हात ठेवला. तिने आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहिलं. मग एकदम तिच्या खांद्यांना काहीतरी झालं. मला वाटलं, हसते आहे. मग वाटलं, रडते आहे. मेट्रनबाई उठायला लागल्या, मी खुणेनं बसवलं.

क्रेनवाले पुढे म्हणाले, "मी आधीच बोलायला पाहिजे होतं."

"पूर्णविराम!" सगळे. शिंप्यांचा आवाज फुटला, पण वेळेवर.

"तुझ्याशीसुद्धा. आणि तिच्याशी..." तिथे अडकले. वर्ग थांबून राहिला, कारण वाक्य संपलं नव्हतं. एकानेही घाईने खूण दिली नाही, हे समितीने पाहिलं असेल अशी आशा आहे. वाक्य अडकलेलंच राहिलं.

ती समितीच्या खुर्च्यांमधून सरळ पुढे आली. अध्यक्षांना पाय आत घ्यावे लागले. क्रेनवाल्यांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "चष्मा कुठाय, बाबा?"

त्यांनी घाईघाईने खिशातून काढून दाखवला.

"घाला ना मग. मी दिसतेय का नीट?"

त्यांनी घातला. मान हलवली. मग लगेच म्हणाले, "हो. दिसतेस." म्हणजे तोंडाने म्हणाले.

नंतर खुलासा झाला तो असा. जायच्या गडबडीत तिने पत्र परवाच वाचलं आणि तिला वाटलं, वडिलांच्या मेंदूत काहीतरी झालं. जन्मात न बोललेला माणूस अचानक इतकं बोलतो, आणि मध्येमध्ये भलतेच शब्द येतात. तिने डॉक्टरांना फोन केला होता. डॉक्टर म्हणाले होते, आधी घेऊन या. उत्तर लिहीत बसण्याऐवजी ती तपासणीची वेळ मिळवायला धावत होती, आज मिळाली, म्हणून ती न्यायलाच आली होती. घरी कुलूप, शेजाऱ्यांनी वाचनालय सांगितलं. "आणि इथे बघते तर सगळेच!" ती म्हणाली आणि पुन्हा तिचे खांदे हलायला लागले. डोळे सारखे पुसत होती. एवढी शिस्त एका खोलीत पाहायची सवय नसते लोकांना.

मी तिला सांगितलं, चूक फोनची आहे, वडिलांची नाही, त्यांच्या खुणा निर्दोष आहेत. तिने माझे दोन्ही हात धरले. "बाई, त्यातली एकही काढू नका," म्हणाली.

अध्यक्षांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "हे बसवलेलं होतं का?"

"माझ्या वर्गात काही बसवलेलं नसतं," मी म्हटलं. "शिकवलेलं असतं."

बुधवार, २७ मार्च

खोली मिळाली. वर्षभरासाठी. पंखे दुसरीकडे जाणार. ग्रंथपालांची एकच अट आहे, कोरस जरा हळू. बघू.

क्रेनवाले आले नाहीत, मुलीकडे आहेत. तिचं सामान बांधायला मदत करतात म्हणे. पुतण्या निरोप घेऊन आला होता. म्हणाला, "काका दिवसभर बोलतात. जे ट्रंकेत घालतील त्याचं नाव घेतात. ती म्हणते, बाबा, जरा श्वास घ्या."

हे मला म्हणाले, "झालं तर मग, तुझ्या स्वल्पविरामाने काम केलं."

मी म्हटलं, "हो." यांनी मान्य करायला एवढी वर्षं लावली. आज जेवण दोन घास जास्त गेलं. अभिमान वाटतो, तर वाटतो म्हणावं. माणसाने आयुष्यात एक गोष्ट नीट धरावी आणि ती उपयोगी पडताना डोळ्यांनी बघावी, याहून जास्त मी तरी काही मागितलं नव्हतं.

बुधवार, ३ एप्रिल

मुलगी सोमवारी गेली. क्रेनवाले तिला पोचवून आज वर्गात आले. स्वतःचा फोन घेतला आहे. तास संपल्यावर मागे थांबले. चेहरा उतरलेला.

"बाई, तिचं आलंय. पण..."

फोन पुढे केला. मी वाचलं.

"पोचले. खोली बरी आहे. खिडकीतून दोन क्रेन दिसतात, एक तुमच्यासारखी हळू चालते. रात्री बोलू."

"मायना नाही," ते म्हणाले. "ना बाबा, ना काही. एकदम सुरू. बाई, अजून राग असेल का?"

बाकीचे जाता जाता दारात थांबले होते. मेट्रनबाई, शिंपी, बँकवाले, सगळे माझ्याकडे बघत होते. तांबडं पेन माझ्या हातात होतं. पस्तीस वर्षांत मायना नसलेलं पत्र मी एकदाही सोडलं नव्हतं.

"कालही बोललात तुम्ही?"

"रोज बोलतो. सकाळी, रात्री."

"मग बरोबर आहे," मी म्हटलं. "रोज बोलणाऱ्या माणसाला मायना लावायचा नसतो."

"असा नियम आहे?"

"आहे."

फळ्यावर लिहिला. खाली रेघ मारली. सगळ्यांनी वह्या पुन्हा उघडून उतरवून घेतला. क्रेनवाल्यांनी दोनदा वाचला, फोन खिशात ठेवला आणि जाताना दारातून वळून म्हणाले, "येतो हं, बाई."

घरी आल्यावर कपाटातली सगळी पुस्तकं काढून पाहिली. असा नियम एकातही नाही. नसू दे. आजपासून आहे.